दहा पावलं अलीकडे

कुणाच्या घरी गेल्या तर नंदाक्का फाटकाबाहेरूनच हाक मारायच्या, आणि आतून "या" आल्याशिवाय कडीला हात लावायच्या नाहीत. आमच्या लातूरच्या गल्लीत ही रीत कुणाचीच नाही. आमच्याकडे माणूस आधी स्वयंपाकघरात पोचतो, पातेल्यावरचं झाकण उचलून बघतो आणि मग विचारतो, "हायत का घरात?" नंदाक्का मात्र उन्हात उभ्या राहायच्या. माझी बायको म्हणायची, "एवढं काय परकं समजते ही बाई आपल्याला!" मलाही तो शिष्टपणाच वाटायचा. तो काय होता हे कळेपर्यंत माझ्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नंदाक्का म्हणजे एसटीच्या निवृत्त कंडक्टर. बायकांना या कामावर घ्यायला लागले तेव्हाच्या सुरुवातीच्या खेपेतल्या. माहेर निलंग्याच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं, म्हणून त्यांच्या बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचा आणि म्हणूनच सगळा डेपो त्यांना अक्का म्हणायचा. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, पदर खोचलेला आणि पायात कॅनव्हासचे बूट. इतकी वर्षं हलत्या गाडीत उभं राहून काढल्यामुळे त्या जमिनीवरही पाय फाकवून उभ्या राहायच्या, जणू ड्रायव्हर आता कचकन ब्रेक मारणार आहे. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. होता तो शिरुऱ्या.

शिरुऱ्या म्हणजे त्यांचं कुत्रं. काळंकुळकुळीत, गावठी, एक कान मोडका. शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर कुणीतरी भज्याच्या कढईतलं तेल त्याच्या पाठीवर फेकलं होतं, आणि ते पिल्लू अक्कांच्या गाडीच्या चाकाआड विव्हळत पडलं होतं. अक्कांनी त्याला पोत्यात गुंडाळून लातूरला आणलं. येताना नियमाप्रमाणे त्याचं तिकीटही फाडलं म्हणे. पाठीवरची तळहाताएवढी जागा शेवटपर्यंत उघडीच राहिली, तिथे केस आले नाहीत. वरून हात येताना दिसला की ते दात दाखवायचं, मग तो हात मारायला आलेला असो की लाडाने. एरवी इतकं गरीब कुत्रं मी दुसरं पाहिलं नाही.

आमची पहिली भेट भांडणाने झाली. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ट्यूशनच्या गल्लीत. दिवसभर मुलांच्या नोट्स काढून कंबर धरते म्हणून मी सकाळी मैदानावर फिरायला जातो, आणि बरोबर बंटी असतो. बंटी पांढरा, केसाळ, लाडावलेला. तेव्हा मी त्याला मोकळाच सोडत असे. तो दिसेल त्याच्या अंगावर उड्या मारायचा आणि मी मागून आरामात ओरडायचो, "काही नाही करत तो!" त्या दिवशी तो सरळ शिरुऱ्याकडे सुटला. अक्का चटकन दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. शिरुऱ्या त्यांच्या मागे थरथरत होता. मी पन्नास फुटांवरून माझं ठरलेलं वाक्य फेकलं.

"तुमचं काई करत न्हाई हो," अक्का गरजल्या, "माझं करतंय! बोलवा त्याला माघारी!"

सगळं मैदान थांबलं. भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज तो. मी धावत जाऊन बंटीला उचललं आणि वर तोंड करून म्हणालो, "एवढं ओरडायला काय झालं? खेळायला गेला होता."

"त्याला खेळायचंय. ह्याला खेळायचं न्हाई. दोघांस्नी विचारावं लागतंय का न्हाई?"

मी धुसफुसत घरी आलो. असलं कुत्रं आणायचंच कशाला मैदानावर, असं बायकोला दहादा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी मात्र बंटीला दोरी बांधली. पटलं म्हणून नव्हे, तो आवाज पुन्हा ऐकायची हिंमत नव्हती म्हणून.

मग मी त्यांना बघायला लागलो. कुणी कुत्रं घेऊन समोरून आलं की अक्का दहा पावलं अलीकडे थांबायच्या. भिंतीकडे सरकायच्या, शिरुऱ्याला आपल्या डाव्या पायाशी बसवायच्या आणि विचारायच्या, "आम्ही थांबू का तुम्ही थांबताव?" दाळमिलचे एक म्हातारे मुकादम मोठा अल्सेशियन घेऊन यायचे. अक्कांना तो फार आवडायचा. पण वर्षभरात त्यांनी त्याला एकदाही हात लावला नाही. लांबूनच बघायच्या आणि म्हणायच्या, "देखणं हाय. पण त्यानं कुठं बोलवलंय आपल्याला?"

एकदा चारेक वर्षांची एक मुलगी "भूभू, भूभू" करत हात पसरून शिरुऱ्याकडे धावली. तिची आई मोबाइलवर फोटो काढण्यात गुंग. अक्का खाली बसल्या आणि मुलीला आपल्या गुडघ्यापाशी थांबवलं. "नाव काय तुझं? बरं. आता मूठ कर. खाली धर, लांबून. त्याला वास घिऊ दे. आला तर आला." मुलगी मूठ धरून उभी. शिरुऱ्याने तोंड फिरवलं. मुलीचा चेहरा पडला. अक्का म्हणाल्या, "आज न्हाई म्हणला त्यो. उद्या इचारू." ती पोर रोज यायची आणि मूठ धरून उभी राहायची. आठव्या दिवशी शिरुऱ्याने तिच्या मुठीला नाक लावलं. ती पोर काय नाचली! अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

शनिवार मात्र त्यांचा वैऱ्याचा दिवस. मैदानाच्या कोपऱ्यावर शनीचं देऊळ आहे. आपल्या लोकांना साडेसातीत काळं कुत्रं दिसलं की ते कुणाचं आहे, त्याला भूक आहे का, हे प्रश्नच पडत नाहीत. तेल लावलेली पोळी घेऊन चारी बाजूंनी माणसं शिरुऱ्यावर चालून यायची. कुणी पाया पडायचं, कुणी पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावायला बघायचं. "देवाचं कुत्रं हाय अक्का, नाही म्हणू नका," असं वर आपणच त्यांना सुनवायचं. अक्का म्हणायच्या, "देवाचं असंल. पण कातडं त्याचं हाय." शेवटी अक्का शनिवारी मैदानावर येईनाशा झाल्या.

तेव्हाच त्या माझ्या दुकानात आल्या. पाटी करून पाहिजे होती, शिरुऱ्याच्या गळ्यात अडकवायला. मी मजकूर टाइप केला, "कृपया या कुत्र्याला हात लावू नये. खायला घालू नये. आधी विचारावे." त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "कृपया काढा. कृपया म्हणलं की माणसाला वाटतं, ऐकलं न्हाई तरी चालतंय." मी काढलं. लॅमिनेशन थंड होईपर्यंत त्या बाकावर बसल्या. दुकानात कुणी नव्हतं. मी सहज थट्टेने म्हणालो, "अक्का, कुत्र्याचा एवढा मान ठेवणारं माणूस मी पाहिलं नाही."

त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, गाडीत साठ माणसं असत्यात. मधी एक वीत जागा. त्यातनं दिवसातनं धा येळा मागं-पुढं जायचं. हात लागायचे. चुकून लागलेला येगळा, लावलेला येगळा. अंगाला कळतंय. पण गर्दीत हात कुणाचा ते दिसत न्हाई. वळून बघावं तर सगळे खिडकीबाहेर बघून राहिले. कुणाचं नाव घिऊन भांडावं? सुरवातीला लई रडले. मग टाचणी ठेवायला लागले." त्यांनी पाटी हातात घेतली. "माझी तर जीभ होती. तरी न्हाई चालली. ह्या मुक्या जनावराला दात सोडून काय दिलंय देवानं?"

पाटीचे पैसे घेऊ नयेत असं मनात आलं, पण त्यांनी ते मोजून काउंटरवर ठेवले आणि निघून गेल्या.

पुढे वर्षभरात शिरुऱ्या माझ्या ओळखीचा झाला. मी मूठ धरायला शिकलो होतो. तो यायचा, वास घ्यायचा, कधी मान पुढे करून माझ्याकडून गळ्याखाली खाजवून घ्यायचा. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा. मैदानावर मी सांगायचो, अक्कांनंतर तो माझंच ऐकतो. अक्का त्याला कानडीतून सांगायच्या. "बा" म्हणजे ये, "बेड" म्हणजे नको. मीही तसं म्हणून बघायचो आणि तो ऐकायचा. ओळख झाली की हक्क आलाच, असं आपल्याला वाटतं. तिथेच चुकतं.

त्या वर्षी माझी मुलगी नीटची परीक्षा देत होती. लातुरात ही परीक्षा मूल एकटं देत नाही, सगळं घर देतं. बायकोने कुणाकडे तरी पत्रिका दाखवली. अकरा शनिवार काळ्या कुत्र्याला तिळाच्या तेलाची पोळी घालायची, असा उपाय निघाला. बायको म्हणाली, "तुमच्या त्या अक्कांना विचारा." मी संकोचत विचारलं. मला वाटलं झिडकारतील. त्या म्हणाल्या, "माझा इस्वास न्हाई. पण पोरीच्या आईचा जीव हाय त्यात. पोळी माझ्या हातात द्या, मी घालते. दुसऱ्या कुणी न्हाई." आणि जी बाई शनिवारी मैदान टाळायची, ती आमच्यासाठी दर शनिवारी देवळापासून लांब, मागच्या भिंतीपाशी येऊन उभी राहायला लागली. दहा शनिवार त्यांनी पोळी घातली.

अकरावा शनिवार म्हणजे परीक्षेचा आदला दिवस. बायकोने मुलीलाच माझ्याबरोबर पाठवलं. शेवटच्या दिवशी जिचं काम तिनेच स्वतःच्या हाताने कुत्र्याच्या कपाळाला तेल लावायचं आणि पाया पडायचं, असं सांगितलेलं होतं म्हणे. मे महिना. सकाळीच ऊन चटके देत होतं. शिरुऱ्याची जीभ लोंबत होती. अक्कांनी पोळी घेतली, तुकडे करून घातली. मग पिशवीत बघितलं तर पाण्याची बाटली सांडून रिकामी. नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आणि तिथे घागरींची गर्दी. तिथल्या गर्दीत अक्का कुत्र्याला नेत नसत. त्यांनी एकदा शिरुऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग दोरी माझ्या हातात दिली. ती दोरी त्यांनी कधी कुणाच्या हातात दिलेली मी बघितली नव्हती.

"दोन मिनटं धरा, भाऊ. कुणाला हात लावू दिऊ नका."

त्या पाठमोऱ्या झाल्या. मुलगी तेलाची वाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "बाबा, अक्कांना येऊ द्या ना. विचारून लावू."

विचारलं तर त्या नाही म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरी गेल्यावर बायको विचारणार, हेही ठाऊक होतं. मी म्हणालो, "लाव पटकन. काही नाही करत तो. माझ्या ओळखीचा आहे."

तिने घाबरत हात पुढे नेला. वरून. बोट कपाळाला लागलं, तेव्हा शिरुऱ्या आक्रसला, पण गप्प राहिला. गळ्यातली पाटी हलली तेवढीच. मग ती वाकली, पाया पडायला, आणि तिचा उजवा हात त्याच्या पाठीवर आला, त्या उघड्या जागेवर.

पुढचं एका क्षणात झालं. मुलगी किंचाळली. दोन बोटं फाटली होती. चारी बाजूंनी माणसं धावत आली आणि सगळ्यांच्या पुढे अक्का, हातात निम्मी सांडलेली बाटली. त्यांनी आधी मुलीचा हात धरला, बाटलीतलं उरलेलं पाणी त्यावर ओतलं, "नळाखाली धर, साबणानं धू, आणि लगी दवाखान्यात जा," असं बजावलं. मग माझ्याकडे वळल्या.

"हात लावला का कुणी?"

भोवती वीस-पंचवीस माणसं होती. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मुलगीही.

"नाही," मी म्हणालो. "आम्ही नुसते उभे होतो. एकदम अंगावर आला."

अक्का शिरुऱ्याजवळ खाली बसल्या. तो भिंतीला चिकटून थरथरत होता. त्यांनी मूठ पुढे केली, त्याने वास घेतला, मग त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. तो हात त्या जरा वेळ तसाच धरून बसल्या. मग पदराने त्याचं कपाळ पुसलं आणि उठल्या. लोक बडबडत होते. कुणी म्हणत होतं मारून टाका, कुणी म्हणत होतं आधीच सांगितलं होतं. अक्का एवढंच म्हणाल्या, "चूक माझी हाय. दोरी दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हवती."

मला तेव्हा वाटलं, सुटलो.

मुलीने दुसऱ्या दिवशी बोटांना पट्टी बांधून पेपर दिला. गुण थोडे कमी पडले. दोष कुणाचा हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. मैदानावरच्या लोकांनी अर्ज लिहिला, "चावऱ्या कुत्र्याचा बंदोबस्त करावा." त्या अर्जाच्या पाच प्रती माझ्याच मशीनमधून निघाल्या. ज्या मशीनमधून ती पाटी निघाली होती, त्याच. मी प्रती मोजून दिल्या आणि सही करा म्हणाले तिथे सहीही केली.

पण बंदोबस्त करायची वेळ आलीच नाही. डॉक्टरांनी कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगितली होती. ते दहा दिवस अक्कांनी काढले. शिरुऱ्याला काही झालं नाही, असा निरोप त्यांनी शेजारणीकरवी पाठवला, म्हणजे आमच्या घरचा घोर मिटावा. अकराव्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप होतं. शिरूर अनंतपाळजवळ त्यांच्या बहिणीचं शेत आहे, तिकडे गेल्या असं कळलं. मैदान मोकळं झालं. लोक कुत्री सोडून निवांत फिरायला लागले आणि लांबून ओरडायला लागले, "काही नाही करत तो." मला ते वाक्य ऐकवेना. मी रस्ता बदलला.

मुलीला नांदेडला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला. सुट्टीत घरी आली की बंटीशी खेळते, माझ्याशी बेताचंच बोलते. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी लहान नव्हते. मी पण गप्प बसले. मला झोप येत नाही त्याने. तुम्हाला येते का?" त्याच आठवड्यात मी शिरूर अनंतपाळची गाडी धरली.

बहिणीचं घर शोधायची गरजच पडली नाही. अक्का स्टँडवरच होत्या. कडेच्या सिमेंटच्या बाकावर बसल्या होत्या, गाड्या येता-जाताना बघत. मला वाटतं, रोजच येऊन बसत असाव्यात. वाळल्या होत्या. पायाशी शिरुऱ्या बसला होता. गळ्यात पाटी नव्हती. तोंडाला सुतळीची विणलेली मुसकी होती, खळ्यावर बैलाच्या तोंडाला बांधतात तशी, लहान आकाराची. त्या मुसकीतून त्याची जीभ नीट बाहेर येत नव्हती.

मी दहा पावलं अलीकडे थांबलो. "अक्का, येऊ का?"

त्यांनी वर बघितलं. ओळखलं. "या, भाऊ. पोरगी बरी हाय का? बोटं वळत्यात का?"

"वळतात." मग मी ते सगळं एका दमात सांगून टाकलं. तेल, कपाळ, पाठीवर पडलेला हात, माझं खोटं. सांगताना मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "हात फिरवला तवाच कळलं. तेल मीच पुसलं."

"मग बोलला का नाहीत? तिथेच सगळ्यांसमोर..."

"काय बोलू? दुसऱ्या दिवशी पोरीचा पेपर होता. बाप खोटा पडलेला बघून ती काय लिहिणार होती?" त्यांनी मुसकीची गाठ सरळ केली. "आणि माझं कोण ऐकणार होतं, भाऊ? गर्दीत हात कुणाचा ते कुणाला दिसत असतंय?"

"मी मैदानावर सगळ्यांना सांगतो. अर्ज मागे घेतो. तुम्ही परत चला."

"आता कशाला? इथं बी लोकास्नी कळलंय, चावरं हाय म्हणून. भैनीच्या घरात लहान लेकरं हायत. त्यास्नी भ्या वाटतंय. मुसकी बांधली तरच ठिव म्हणली." 

तेवढ्यात शिरुऱ्या उठला. त्याने मला ओळखलं होतं. शेपूट हलवत, दोरी ताणत तो माझ्याकडे आला. माझी मूठ आपोआप पुढे गेली. त्याने सुतळीच्या जाळीतून तिचा वास घेतला, मग मान पुढे करून उभा राहिला, गळ्याखाली खाजवून घ्यायला उभा राहायचा तसा. अक्का आता "बेड" म्हणतील म्हणून मी वाट बघत थांबलो. त्या म्हणाल्या नाहीत. फलाटाला लागणाऱ्या गाडीकडे बघत त्या म्हणाल्या,

"लावा हात. आता काई करत न्हाई त्यो."